पिनफोल्डचं रान

बसथांब्यावर पुढे उभ्या असलेल्या माणसाने बस थांबवायला हात वर केला आणि बेरिल हॅडली खाली बसली. बसले, असं तिने नंतर मोनाला सांगितलं. खरं म्हणजे ती कोसळली. गुडघे फुटपाथवर आपटले, दोन्ही हात आपोआप डोक्यावर गेले, कोपरं कानांवर घट्ट दाबली गेली, हनुवटी छातीत शिरली. पर्स उघडी पडून तिच्यातला कंगवा, घराची किल्ली, खोकल्याच्या गोळ्या चिखलात सांडल्या. भर दुपारचं बर्मिंगहॅम, जेवणाच्या सुटीची गर्दी, सगळे तिच्या दोन्ही बाजूंनी वाट काढत चाललेले. ज्याने हात वर केला होता तो बिचारा मागे वळला आणि घाबरून म्हणाला, "माझा धक्का लागला का हो बाई? माझं लक्षच नव्हतं." त्याच्या चेहऱ्यावर चष्मा होता, कोटाच्या खिशातून वर्तमानपत्र डोकावत होतं. त्याने किल्ली उचलून दिली. पडद्यांच्या कापडाच्या दुकानात तिच्याबरोबर काम करणारी मोना तिला बगलेत धरून उठवत म्हणाली, "अगं, काय झालं काय तुला? चक्कर आली?" बेरिल म्हणाली, "हो, चक्करच." मोना म्हणाली, "सकाळपासून नुसत्या चहावर उभी असतेस, दुसरं काय होणार." बेरिलचे मोजे गुडघ्यांवर फाटले होते. तिला शरम वाटत होती, पण शरमेच्या खाली आणखी काहीतरी होतं, गरम, जाड. ते काय आहे हे तिला लगेच कळलं नाही. चष्मेवाला बसमध्ये चढला, बस गेली, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपल्याला त्याच्या तोंडावर किल्ली मारायची होती. त्या भल्या माणसाच्या. डोळ्यावर.

घटस्फोट होऊन इतकी वर्षं झाली होती की क्लाइव्हचा चेहरासुद्धा तिला सलग आठवत नसे. आठवे ते तुकड्यांत. मानेवरची दाढीची खुंटं, मनगटावरचे तांबूस केस, आणि घड्याळ. घड्याळ मात्र अख्खं आठवे. तो कधी दारू प्यायला नाही. प्यायला असता तर दारूला दोष देता आला असता. तो मोटारींच्या कारखान्यातून वेळेवर घरी येई, हात धुई, टेबलाशी बसे, आणि मग कधीतरी, रस्सा पातळ झाला म्हणून, किंवा ती खिडकीतून बाहेर बघत होती म्हणून, किंवा कशासाठीच नाही, तो उठे आणि शेकोटीच्या वरच्या फळीवर घड्याळ काढून ठेवी. काच फुटू नये म्हणून. घड्याळ त्याच्या वडिलांचं होतं. फळीवर धातू टेकल्याचा एक बारीक आवाज होई, आणि त्या आवाजानंतर पहिला फटका येईपर्यंत जेवढा वेळ जाई तेवढ्यात बेरिलला सगळं आयुष्य जगता येई. लग्नानंतरचा दुसरा हिवाळा होता तेव्हा त्याने तिचा जबडा मोडला. तारांनी दात बांधून टाकले होते, आणि तिला नळीने पातळ काहीबाही प्यावं लागे, तेव्हा क्लाइव्ह स्वतः गाजर-बटाट्याचं सूप करी, कापडातून गाळी, निववी, आणि तिच्या हनुवटीखाली रुमाल धरून बसे. त्या दिवसांइतकं त्याने तिला कधी जपलं नाही. ती बोलू शकत नव्हती. त्याला ती तशीच आवडत होती, हे तिला पुष्कळ उशिरा कळलं. आता फाटलेल्या मोज्यांनी स्वैपाकघरात बसून गुडघ्यांना औषध लावताना ती जिभेने दातांच्या मागची ती जागा चाचपत राहिली. थंडीत अजून तिथे कळ येई. गेली कितीतरी वर्षं ती या स्वैपाकघरात त्याला मारत आली होती. भांडी घासता घासता उकळत्या पाण्याने. इस्त्री करता करता इस्त्रीने. झोप लागायच्या आधी नुसत्या हातांनी, गळा दाबून, त्याची बुबुळं वर जाईपर्यंत. आणि मग तिला शांत झोप लागे. कोणाला सांगायचं हे. चर्चमध्ये ती फुलं लावायला जात असे. बायका म्हणत, बेरिल किती मवाळ आहे.

मुलगा स्टुअर्ट लेस्टरला राही. बापाची चौकशी ती कधी करत नसे, तरी तो फोनवर सांगून टाकी. "बाबा आता रानात असतो, आई. श्रॉपशरला. पिनफोल्डचं रान म्हणतात. हेझल नावाच्या झुडपाच्या काठ्या तोडतो, त्यांच्या तट्ट्या विणतो, बागांच्या कुंपणाला. लोक घ्यायला येतात. फार शांत झालाय गं तो." शांत झालाय. हा शब्द तिच्या कानात कुसळासारखा राहिला. मारणारा शांत झाला, आणि मार खाणारी बसथांब्यावर लोटांगण घालते. त्या रात्री तिने स्वतःच स्टुअर्टला फोन केला आणि विचारलं, ते रान नेमकं कुठे आहे. तो इतका खूश झाला की तिला त्याची कीव आली. "जाशील खरंच? अगं, जा. मे महिन्यात तिथे निळी घंटाफुलं येतात, सगळी जमीन निळी होते. लोक लांबून बघायला येतात. तुम्ही दोघं एकदा नीट बोललात ना, तर मला..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. लहानपणी तो जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून असे, खाली येत नसे. तिथे बसून त्याने काय काय ऐकलं असेल हे तिने त्याला कधी विचारलं नव्हतं, आणि त्यानेही कधी सांगितलं नव्हतं. "फुलं बघायला जातेय," ती म्हणाली. मोनालाही तिने तेच सांगितलं. मोना म्हणाली, "एकटीच? कोणी भेटणार आहे की काय तिथे?" आणि डोळा मारला. बेरिल हसली.

रविवारच्या गाडीत तिच्या डब्यात फारसं कोणी नव्हतं. कारखाने गेले, परसांतले वाळत घातलेले कपडे गेले, मग मेंढरं. खिडकीच्या काचेत तिला स्वतःचं तोंड दिसत होतं आणि त्याच्यावरून हिरवी शेतं सरकत होती. आपण तिथे जाऊन काय करणार हे ती स्वतःला विचारत नव्हती. माफी मागेल का तो? मागितली तर तिचं काय करायचं? ती घेऊन घरी यायचं आणि कपाटात ठेवायची? तिला एवढंच माहीत होतं की त्याला बघायचं आहे आणि पाठ ताठ ठेवायची आहे. तेवढं जमलं तर बस. उभं राहता आलं पाहिजे. हात वर झाला तरी उभं राहता आलं पाहिजे. एका आडगावच्या स्टेशनवर ती उतरली. वाटेच्या दोन्ही बाजूंना काटेरी झुडपांची पांढरी फुलं, त्यांचा उग्र, थोडा नासका वास. रानाच्या फाटकापाशी एक बाई भेटली, रबरी बुटांतली, दोरीला ओढणाऱ्या तपकिरी कुत्र्याच्या मागे जवळजवळ पळत. मिसेस ऑल्डरिज. हे नाव तिने न विचारता सांगितलं. "फुलं बघायला आलात ना? उशीर केलात हो, गेल्या आठवड्यात काय बहर होता. आत गेलात तर क्लाइव्हची झोपडी लागेल, त्याला सांगा मी पाठवलंय, चहा पाजेल तो. देवमाणूस आहे. माझे यजमान गेले तेव्हा रोज सकाळी सरपण आणून दारात ठेवायचा, एक शब्द न बोलता. माझ्या या बिली कुत्र्याला पायात काटा गेला तर बाई, लहान मुलासारखा मांडीवर घेऊन काढला." बेरिलने कुत्र्याकडे पाहिलं. "हाताचा हळुवार आहे," ती म्हणाली. मिसेस ऑल्डरिज म्हणाल्या, "अगदी. तुम्ही ओळखता का त्याला?" बेरिल म्हणाली, "पूर्वी ओळखायची."

रानात शिरल्यावर आवाज मागे राहिले. ओकची जुनी झाडं, त्यांच्याखाली हेझलची दाट झुडपं, आणि जमिनीवर खरंच निळं, निळ्यापेक्षा धुरकट काहीतरी, उताराने खाली पसरत गेलेलं. रानलसणाचा वास येत होता, मटणाला लावायच्या वाटणासारखा. सगळे म्हणतात शांत, शांत. तिला ती शांतता ओळखीची वाटली. जेवणाच्या टेबलावरची. कोणीतरी काहीतरी करण्याच्या आधीची. पुढे झुडपं जमिनीसरशी छाटली होती, खुंटांवर पांढरे ओले वार दिसत होते, एकेका बुंध्यावर कितीतरी. असं छाटलं की झाड मरत नाही, उलट जास्त फुटतं, असं स्टुअर्टने कौतुकाने सांगितलं होतं. ती त्या वारांकडे बघत उभी राहिली. तेवढ्यात वरून काहीतरी आदळल्यासारखं झालं. ससाण्याने कबूतर धरलं होतं, निळ्या फुलांत पाडलं होतं, आणि ते जिवंत असतानाच तो त्याच्या छातीची पिसं उपटत होता. फार घाईत नव्हता. मधून मान वर करून तिच्याकडे बघे आणि पुन्हा कामाला लागे. कबुतराचा एक डोळा उघडा होता. तिने हुसकवायला हवं होतं. तिने हुसकवलं नाही. ते पुरं होईपर्यंत ती बघत राहिली, आणि आपला श्वास जलद चालला आहे आणि आपण कोणाच्या बाजूने बघतो आहोत हे आपल्याला सांगता येत नाही, हे तिला जाणवलं.

क्लाइव्ह ओंडक्यावर बसून काठ्या चिरत होता. कोयत्याचं पातं काठीच्या टोकाशी लावायचा, लाकडी मोगरीने त्यावर ठोका मारायचा, काठी लांबवर उभी चिरत जायची. तो बारीक झाला होता. इतका बारीक की तिला आधी वाटलं दुसराच कोणी आहे. डोक्यावर लोकरी टोपी, गालांत खड्डे. त्याने वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि कोयता बाजूला ठेवला. "बेरिल," तो म्हणाला. "स्टुअर्ट म्हणाला होता तू येशील म्हणून. मला खरं वाटलं नाही." ती म्हणाली, "आले." "बस की." "उभीच बरी आहे." तो हसला. "जाड झालीस. चांगली दिसतेस." पलीकडे तीन दगडांवर किटली उकळत होती. त्याने तिच्या दुकानाचं विचारलं, तिच्या बहिणीचं विचारलं, बहीण वारल्याचं ऐकून मान हलवली. सगळं सभ्य. कोणी ऐकलं असतं तर म्हटलं असतं दोन जुने शेजारी बोलत आहेत. मग ती म्हणाली, "थंडीत माझा जबडा अजून दुखतो." त्याने काठीचं साल नखाने सोललं. "दातांचं तुझं पहिल्यापासूनच होतं." "दातांचं नव्हतं, क्लाइव्ह." "असेल. मला आता सगळं आठवत नाही, बेरिल. आणि खरं सांगू? आठवून काय मिळतं? मी या रानात आलो आणि ठरवलं, वाईट तेवढं सोडून द्यायचं. चांगलंच धरून ठेवायचं. तुला आठवतं, तू आजारी होतीस तेव्हा मी सूप करायचो? गाळून? तेव्हा आपण किती सुखात होतो. मी झोपडीत पडल्या पडल्या तेच आठवतो. बोलायचो नाही आपण काही, नुसते बसायचो." तो मनापासून बोलत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. हे तिला नंतर पोलिसांना समजावून सांगता आलं नाही, की तो खोटं बोलला असता तर तिने काहीच केलं नसतं.

"थांब, चहा देतो," म्हणून तो उठला. कप वर फांदीला टांगलेले होते. त्याने कप काढायला हात वर केला आणि बेरिलचे गुडघे गेले. ती पाल्यात खाली होती, हात डोक्यावर, कोपरं कानांवर, बसथांब्यावर होती तशीच, आणि तिचं शरीर तिला विचारायला थांबलंच नव्हतं. वर फांदीवरचे कप एकमेकांना लागून किणकिणले. तिने कोपरांच्या फटीतून पाहिलं. क्लाइव्ह हात तसाच वर धरून उभा होता. तो चकित झाला होता आधी, आणि मग त्याच्या सुरकुतलेल्या, गरीब झालेल्या चेहऱ्याच्या आतून हळूहळू दुसरा चेहरा वर आला. तो तिने लगेच ओळखला. तोंडाचा एक कोपरा वर गेला. "अजून?" तो म्हणाला. मऊ आवाजात. त्यात समाधान होतं, इतक्या वर्षांनी आपली एखादी वस्तू जागच्या जागी सापडावी तसं. तिच्या हातापाशी मोगरी पडली होती. उठता उठता तिने ती घेतली, आणि मारलं. खांद्याच्या पुढच्या हाडावर बसलं, ओली काठी मोडल्यासारखा आवाज आला, तो ओरडला आणि कप घेऊन खाली आला. त्याने दुसरा हात आडवा धरला, तिने त्या हातावर मारलं. मनगटावर. मग गुडघ्यावर, मग पुन्हा तिथेच. ती काही बोलत नव्हती. तिच्या तोंडातून एक हुंकार निघत होता, प्रत्येक घावाला, लाकूड फोडणाऱ्या माणसाच्या निघतो तसा. आणि सगळ्यात भयंकर हे होतं की ते सोपं होतं. इतकी वर्षं तिला वाटे की मारायला आत काहीतरी राक्षसी लागत असेल, आपल्यात नसलेलं. काही लागत नव्हतं. हात वर न्यायचा आणि सोडून द्यायचा. खांदे मोकळे झाले होते, पाठीतून ऊब वाहत होती, थंडीतून येऊन गरम पाण्यात उतरावं तशी. म्हणजे याला हे असं वाटायचं, तिच्या मनात आलं. रस्सा पातळ झाल्यावर याला हे मिळायचं.

तो पाठीवर पडून होता. टोपी निघाली होती. टाळू उघडी, गुलाबी, विरळ केसांची, लहान मुलाच्या टाळूसारखं. आता फक्त तेवढं राहिलं होतं. मोगरी वर होती. क्लाइव्ह तिच्या तोंडाकडे बघतच नव्हता. तो मोगरीकडे बघत होता, फक्त मोगरीकडे, डोळे तिच्याबरोबर हलत होते, ओठ मिटलेले, नाकपुड्या फाकलेल्या, आणि अंगाचा कुठलाही भाग हलू न देण्याची ती धडपड. हे तिने आरशात कधी पाहिलं नव्हतं, तरी तिला कळलं की हा तिचा चेहरा आहे. स्वैपाकघरातल्या भिंतीशी ती अशीच दिसत असणार. हे बघत तो तिला वर्षानुवर्षं मारत होता. हे दिसत असताना त्याला मारता येत होतं. तिला येईना. दयेचा त्यात भाग नव्हता. दया तिने आत चाचपून पाहिली, तिथे काही नव्हतं. पण त्या टाळूवर मोगरी टाकायची म्हणजे त्या चेहऱ्यावर टाकायची, आणि तो चेहरा तिचा होता, त्याने आधीच पुष्कळ मार खाल्ला होता. तिने मोगरी खाली केली. अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी सोलवटली होती. किटली उकळून उकळून विझत आलेल्या निखाऱ्यांवर सांडत होती. "बेरिल," तो खालून म्हणाला, "कोणाला तरी बोलाव." ती म्हणाली, "बोलावते." आणि ती खरंच गेली, निळ्या फुलांतून सरळ, पायवाट न शोधता.

फाटकापाशी मिसेस ऑल्डरिज अजून होत्या. त्यांनी फोन लावला, पळत आत आल्या, स्वतःचा कोट काढून क्लाइव्हच्या अंगावर घातला आणि "अरे देवा, क्लाइव्ह, कसं झालं हो हे" असं म्हणत त्याचा न दुखावलेला हात शोधू लागल्या. कुत्रा मोगरी हुंगत होता. रुग्णवाहिका शेताच्या कडेपर्यंतच येऊ शकली. तिच्यातून एक तरुण आणि एक आडव्या बांध्याची, बाह्या सारलेली बाई स्ट्रेचर घेऊन चालत आली. बाईने क्लाइव्हशेजारी गुडघे टेकले. "काय झालं, बाबा?" क्लाइव्हने बेरिलकडे पाहिलं. "पडलो," तो म्हणाला. "ओंडक्यावरून पाय घसरला. म्हातारा झालो." हे वाक्य बेरिलचं होतं. तिने ते वेगवेगळ्या इस्पितळांत, वेगवेगळ्या डॉक्टरांना, याच सुरात सांगितलं होतं, आणि तो शेजारी तिची पर्स धरून उभा असे. तो तिला ते देत होता. डोळ्यांनी सांगत होता, घे, फिटलं. आणि तिला दिसलं की आपण हे घेतलं, गप्प राहिलो, तर दोघांचं पुन्हा एक गुपित होईल, कोणाला न सांगण्याचं. तो झोपडीत पडल्या पडल्या तेही आठवेल, सुपासारखं. पुन्हा संसार सुरू.

"तो पडला नाही," बेरिल म्हणाली. "मी मारलं. त्या मोगरीने."

मिसेस ऑल्डरिज म्हणाल्या, "काहीतरीच काय बोलता." तरुणाने काम थांबवून वर पाहिलं. क्लाइव्ह कण्हत म्हणाला, "तिचं मनावर घेऊ नका. पूर्वीपासून ती अशीच आहे. काहीही मनाचं सांगते." स्ट्रेचरचे पट्टे आवळले जात होते, दुखण्याने त्याचं तोंड पांढरं पडलं होतं, तरी त्याचा आवाज समजूतदार होता, त्या आवाजावर आजवर सगळ्यांनी विश्वास ठेवला होता. बाह्या सारलेल्या बाईने मोगरीकडे पाहिलं, तिला चिकटलेल्या क्लाइव्हच्या स्वेटरच्या धाग्यांकडे पाहिलं, मग बेरिलच्या हाताकडे. ती उठली आणि तरुणाला म्हणाली, "पोलिसांना कळव." मग ती बेरिलजवळ आली, फार जवळ नाही, आणि हात खालीच ठेवून तिने विचारलं, "आणि तुम्हाला? तुम्हाला कुठे लागलंय का?"

बेरिल नाही म्हणणार होती. तोंड त्यासाठीच उघडलं होतं. "जबड्याला," ती म्हणाली. बाईने तिच्या चेहऱ्यावर ताजी खूण शोधली, सापडली नाही, पण तिने नजर काढून घेतली नाही. ती ओंडक्यावर बसली आणि शेजारची जागा हाताने पुसली. "सांगा." आपल्यावर खटला होणार, दुकानात कळणार, चर्चमधल्या बायकांना कळणार, स्टुअर्टला आज संध्याकाळीच कळणार, हे बेरिलला ठाऊक होतं. ती ओंडक्यावर बसली. "आधी जबड्याला," ती म्हणाली. "त्याच्याआधी कानाला, पण तेव्हा मी कोणाला दाखवलं नव्हतं." तिचा आवाज मोठा नव्हता, पण रानात दुसरा आवाजच नव्हता. मिसेस ऑल्डरिज कुत्र्याची दोरी हाताला गुंडाळत आणि सोडत उभ्या होत्या. पोलिसांनी तिथेच थांबायला सांगितलं होतं, गावातून त्यांची गाडी यायला वेळ लागणार होता, आणि ते येईपर्यंत त्यांना कोणालाच हलता येणार नव्हतं. बेरिलने एकेक करून सांगितलं. कधी, कुठल्या खोलीत, टेबलावर तेव्हा काय होतं. पट्ट्यांनी बांधलेल्या क्लाइव्हने एकदा तिला नाव घेऊन थांबवायला पाहिलं. ती थांबली नाही. त्याने मान पलीकडे वळवली, पण कानांवर ठेवायला त्याला हात नव्हते.